मानेच्या बाई

बाईंचं क्लिनिक डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. बाहेर पाटी होती, पण ती वाचून कुणी आलेलं मी पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याला पत्ता विचारला तर तो म्हणायचा, "मानेच्या बाई ना? तो बघा, उशी घेऊन माणूस चाललाय, त्याच्या मागनं जा." तो थट्टा करत नसे. बाईंकडे पहिल्यांदा जाताना घरातली उशी बरोबर न्यावी लागायची. साडी नेसलेल्या बायका, बँकेतले साहेब, किराणा दुकानदार, सगळे काखेत उशी मारून भर रस्त्यातून तिथे जायचे.

मी गेलो तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. ठाण्याला एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर ड्रॉइंग बोर्डावर वाकून यंत्रांचे भाग काढायचे, हे माझं काम. तीन वर्षं माझं डोकं दुखत होतं. मानेच्या खोबणीतून दुखणं निघायचं, कवटीवरून वर चढायचं आणि उजव्या डोळ्यामागे येऊन बसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलला. एकाने पित्त सांगितलं, म्हणून वर्षभर चहा सोडला. एकाने अर्धशिशी सांगितली. शेवटी एक्स-रे काढला आणि त्यावर 'मणक्यांची झीज' असं लिहून आलं. ते वाचून माझी बायको घाबरली, आणि तिच्या ऑफिसातल्या कुणी तरी तिला बाईंचं नाव सांगितलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. उंच, सडपातळ, केस मागे घट्ट बांधलेले. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी वीसेक वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काढली होती आणि मग एकाएकी नोकरी सोडून घरातच क्लिनिक सुरू केलं होतं. बोलणं शुद्ध, तुटक. मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं तर त्यांनी ते न उघडता स्वतःच्या खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसल्या. कुठे दुखतं हे विचारलंच नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, ते सांगा म्हणाल्या. मी सांगू लागलो. बोर्ड किती उंच आहे, दिवा कुठल्या बाजूला आहे, फोन आला तर कुठल्या कानाला लावता, झोपताना पुस्तक वाचता का, कुशीवर झोपता की पालथे. पालथा झोपतो म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान हलवली.

मग माझा शर्ट. त्याच्या वरच्या चार गुंड्या काढून पुन्हा लावायला लावल्या. त्या वेळी त्या माझ्या बोटांकडे इतक्या एकटक बघत होत्या की मला लाज वाटली. नंतर फरशीच्या एका सांध्यावरून, टाचेला चवडा लावत, सरळ चालायला लावलं. हे प्रत्येकाला करावं लागे. कॉलेजच्या मुलीला आणि ऐंशीच्या आजोबांनाही. गुंड्या नसल्या तर बाईंच्या टेबलावर एक जुना कोट असे, त्याच्या लावायच्या.

शेवटी त्यांनी मला पालथं झोपवलं आणि कवटीच्या खाली, उजव्या बाजूला, अंगठ्याने एक जागा दाबली. डोळ्यामागे तीच ओळखीची कळ आली. तीन वर्षांची माझी डोकेदुखी त्या बाईच्या अंगठ्याखाली होती.

"इथे दाबलं की तिथे दुखतं ना?" त्या म्हणाल्या. "मग डोळा बिचारा काय करणार."

चहा पुन्हा सुरू करायला सांगितलं. माझी उशी त्यांनी कात्रीने उसवली, मूठ-मूठ करत निम्मा कापूस काढला, पुन्हा टाके घातले आणि माझ्या हातात दिली. बरोबर आलेली माझी बायको तिच्या उशीचंही विचारणार होती, पण तिला त्यांनी, तुम्हाला काही होतंय का, असं विचारून गप्प केलं.

एक्स-रे त्यांनी सर्वांत शेवटी पाहिला, तोही उभ्या उभ्या. चाळिशीकडे आलं की केस पांढरे होतात तसे मणके थोडे झिजतात, म्हणाल्या. पांढऱ्या केसांवरून कुणी कुणाला घाबरवत नाही, मग मणक्यांवरून का घाबरवतात, कळत नाही. 'स्पाँडिलिसिस' हा शब्द त्यांच्या समोर उच्चारला की त्या, तो तुमचा आहे का, असं विचारायच्या. मानेला पट्टा बांधून आलेल्या माणसाचा पट्टा त्या काढून घ्यायच्या आणि कपाटाच्या खालच्या खणात टाकायच्या. पट्ट्यात मान ठेवली की स्नायू आयतोबा होतात, हे त्यांचं म्हणणं. ज्याला खरोखर गरज असे त्याला त्याच खणातून दुसऱ्याचा धुतलेला पट्टा मिळायचा, आणि तो किती दिवस घालायचा हे त्या पट्ट्यावरच शाईने लिहून द्यायच्या.

दुखणं हातात उतरलं असेल, तर मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात हे त्या विचारत. अंगठा आणि पहिलं बोट असेल तर एक नस, मधलं बोट असेल तर तिच्या खालची, करंगळी असेल तर त्याहून खालची. विचारता विचारता त्या पेशंटच्या हातावर बॉलपेनने रेघा मारायच्या. मानेपासून निघालेली नस दंडावरून, कोपरावरून कशी बोटापर्यंत जाते, ते त्याला त्याच्याच कातडीवर दिसायचं. पावसाळ्यात अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातलेली माणसं हातभर निळ्या रेघा घेऊन बाजारातून फिरताना दिसली की ती कुठून आली हे आमच्या भागात सगळ्यांना कळे.

तिसऱ्या आठवड्यात बाई न सांगता माझ्या ऑफिसात आल्या. ठाण्याला, ड्रॉइंगच्या हॉलमध्ये. माझ्या मागे अर्धा तास उभ्या राहिल्या. आमच्या सेक्शनच्या साहेबांना वाटलं, माझी थोरली बहीण आली आहे, घरी काही तरी वाईट झालं असावं. बाईंनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस तुमच्याकडे रोज सात तास स्वतःचं डोकं हवेत लटकवून ठेवतो, आणि डोक्याचं वजन जवळजवळ पाच किलो असतं. पाच किलो बटाटे बाजारातून आणताना आपण चार वेळा हात बदलतो. मान बदलता येत नाही. साहेब सज्जन होते. त्याच दिवशी माझा बोर्ड चढता करून मिळाला, आणि पुढच्या महिन्यात हॉलमधल्या सगळ्यांचे.

दोन-तीन महिन्यांत माझं डोकं दुखायचं थांबलं. पण बाईंनी मला सोडलं नाही. मी चित्रं काढतो हे कळल्यावर त्यांनी मला रविवारी सकाळी बोलवायला सुरुवात केली. भिंतीवर लावायला तक्ते हवे होते. बसायचं कसं, उठायचं कसं, हंडा कमरेवर कसा घ्यायचा, शिवणयंत्र किती उंचीवर हवं. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांमधली माणसं गोरीपान असतात आणि खुर्चीत बसतात, आपल्याकडच्या बायका जमिनीवर बसून भाकरी करतात, त्यांचं कुणी काढत नाही, ही त्यांची तक्रार होती. ते मी काढू लागलो. अशी नऊ-दहा वर्षं गेली.

टेबलावर एक गजराचं घड्याळ होतं. ते दर दोन तासांनी वाजायचं. वाजलं की बाई हातातलं काम टाकून उठायच्या, आतल्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर यायच्या. पेशंट टेबलावर तसाच पडून राहायचा. नव्या माणसांना वाटायचं गजर आपल्यासाठीच आहे, ती उठून चपला घालू लागायची. आतून कधी रेडिओचा आवाज यायचा. आत सर आहेत, एवढंच बाई सांगायच्या.

सर म्हणजे त्यांचे यजमान. कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवायचे. मला त्यांनी स्वतःहून बोलावून घेतलं, तक्ते काढणारा माणूस बघायचा आहे म्हणून. मी आत गेलो तेव्हा ते पलंगावर उताणे होते. मानेखालचं शरीर हलत नव्हतं, फक्त डावा खांदा थोडासा उचलायचा. चेहरा मात्र ताजा, दाढी गुळगुळीत. मी काढलेला तक्ता त्यांनी समोर धरायला सांगितला आणि म्हणाले, तुमच्या या बाईची पाठ आणि जमीन यांच्यात तुम्ही सत्तर अंश दाखवलेत, खाली लिहिलंय साठ. मी घरी जाऊन मोजलं. सत्तर होते.

बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि मानेला मार लागला, असं इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही तेवढंच माहीत होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळं बाईच करायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. इतक्या वर्षांत सरांच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी एकदा त्यांना म्हणालो की तुम्ही खरंच कमाल करता. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आणखी एक गोष्ट मला विचित्र वाटायची. त्या काळी मानेचं दुखणं म्हटलं की ट्रॅक्शन ठरलेलं. हनुवटीखाली पट्टा अडकवायचा, दोरी कप्पीवरून न्यायची आणि टोकाला वजन लावून मान ताणायची. गल्लीबोळातल्या दवाखान्यांतही ते असायचं. बाईंकडे नव्हतं. कुणी मागितलं तर नाही म्हणायच्या, आणि का ते सांगायच्या नाहीत.

मी जायला लागून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा कोपर गावातल्या एक मावशी आल्या. आगरी बाई, पन्नाशीच्या. लहानपणापासून डोक्यावर चुंबळ ठेवून भाजीची पाटी वाहिलेली. गळ्यात सोन्याचा जाड दागिना, मान भरलेली, खांदे पुरुषासारखे. मान दुखते म्हणून आल्या होत्या, पण मान दुखण्याबद्दल त्या फार बोलल्याच नाहीत. हातातून वस्तू पडतात, म्हणाल्या. भाजी मोजताना सुटे पैसे बोटांत धरता येत नाहीत. चालताना पाय ताठ होतात.

"पाय माझा आयकत नाय, बाय," त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांना कोटाच्या गुंड्या लावायला दिल्या. मावशी एकाच गुंडीशी झटत राहिल्या. मी कोपऱ्यात तक्ता रंगवत होतो. गुंडी काजातून निसटत होती, मावशी हसून पुन्हा धरत होत्या, आणि बाईंचा चेहरा उतरत चालला होता. फरशीच्या सांध्यावरून त्या दोन पावलंही चालू शकल्या नाहीत. बाईंनी छोट्या हातोडीने गुडघ्याखाली टकटक केलं तर पाय केवढ्याने तरी उडाला.

त्या दिवशी बाईंनी मावशींच्या मानेला हातही लावला नाही. त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. मुलगा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होता, तिशीचा, शांत. बाईंनी त्याला माझ्या तक्त्यावर दाखवलं. मणक्यांमधून बाजूला निघतात त्या नसा. त्या दबल्या तर हात दुखतो, मुंग्या येतात, आणि बहुतेक वेळा विश्रांतीने, व्यायामाने बरं होतं. पण मणक्यांच्या मधल्या नळीतून जाडसर दोर जातो तो मज्जारज्जू. तुझ्या आईचा तो दबलाय. याला शेक, मालिश, व्यायाम काही चालत नाही. मान ताणायची तर मुळीच नाही. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, तिथे तपासतील, आणि बहुधा ऑपरेशन करतील. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि आईला घरी घेऊन गेला. आठवडा झाला तरी त्यांनी काही हालचाल केली नाही.

मग बाई त्यांच्या घरी जाऊ लागल्या. रोज. सरांची कूस बदलली की निघायच्या, चालत कोपर गावात जायच्या, मावशींच्या अंगणात बसायच्या आणि पुढच्या गजराच्या आत परत यायच्या. एकदा मी बरोबर गेलो होतो. त्या तिथे वाद घालत नव्हत्या. मावशींना हात पुढे करायला सांगायच्या, मुठी उघड-मीट करायला लावायच्या, आणि दहा सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायच्या. आकडा मुलाच्या बायकोला मोठ्याने सांगायच्या. आदल्या दिवशीपेक्षा एखादा कमी असायचा. मग चहा घेऊन परत. घरातल्यांनी एका मालिशवाल्याला बोलावलं होतं असं कळलं, तेव्हा मात्र त्या स्वतःच्या घरी परत येऊन बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.

पुढच्या रविवारी सकाळी मुलगा क्लिनिकमध्ये आला. मी टेबलाशी होतो. तो बसला नाही. रागावलेला होता, पण आवाज चढवला नाही त्याने.

"मॅडम, आता आमच्याकडे येऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर आय रडत बसते. आमच्या आळीतला एकजण पाठीच्या ऑपरेशनला गेला, तो आडवाच आला. अजून आडवाच हाय. आय निदान चालते तरी."

बाई उठल्या आणि आतल्या खोलीचं दार त्यांनी पूर्ण उघडलं.

"आत या," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही या."

सर जागे होते. रेडिओ चालू होता, तो बाईंनी बंद केला. मुलगा दारातच थबकला.

"हे माझे यजमान," बाई म्हणाल्या. "यांची मान दुखत होती. मी या विषयातली शिकलेली बाई. मी यांना एक्स-रे काढू दिला, पण मोठ्या डॉक्टरांना दाखवू दिलं नाही. हे मला जमतं, असं मीच म्हणाले. या दारावर तो हूक दिसतोय ना, तिथे कप्पी लावली होती. पाच महिने रोज संध्याकाळी मी यांची मान ताणत होते. यांचा मज्जारज्जू दबलेला होता. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरला. साधं पडणं होतं. दुसरा कुणी उठून कपडे झटकून बाहेर आला असता. हे उठले नाहीत."

दाराच्या चौकटीवर खरंच एक हूक होता. मी तो दोन वर्षं पाहत होतो. कधी काळी पाळणा टांगला असेल, अशी माझी समजूत होती.

"गुंड्या लावून बघायच्या, चालवून बघायचं, हे पुस्तकात होतं," बाई म्हणाल्या. "परीक्षेत मी ते लिहिलं होतं. घरात विचारलं नाही. तुमच्या आईच्या ऑपरेशनमध्ये धोका आहे. सगळं ठीक होईल असं मी सांगणार नाही. नाही केलं तर काय होतं, तेवढंच मला दाखवता येतं."

मुलाने सरांकडे पाहिलं. सरांनी त्याला जवळ बोलावलं आणि आई काय करते, किती भावंडं, असं काहीबाही विचारलं. वर्गात नव्या मुलाशी बोलावं तसं. मुलगा उत्तरं देत होता. निघताना त्याने वाकून सरांच्या पायांना हात लावला, आणि पायाला आपला हात कळला नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो तसाच थोडा वेळ वाकून राहिला. उद्या नेतो, एवढं म्हणाला आणि गेला.

मीही निघणार होतो. पण सरांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. आजही मला वाटतं, पुढचं बोलायला त्यांना कुणी तरी तिसरं माणूस तिथे हवं होतं. दोघंच असताना ते त्यांना कधी जमलं नसावं.

"मी शर्ट घालायचं सोडलं होतं, आठवतं?" त्यांनी बाईंना विचारलं. "नुसता सदरा घालायला लागलो होतो. डोक्यातून घालायचा."

"उकडत होतं म्हणून," बाई म्हणाल्या.

"उकडत नव्हतं. गुंड्या लागत नव्हत्या."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "कधीपासून?"

"पडलो त्याच्या तीन-चार महिने आधीपासून. फळ्यावर लिहिताना खडूही सुटायचा. मुलांना वाटायचं सर रागाने टाकतात."

"मला सांगितलं नाहीत."

"तू रोज कप्पी काढल्यावर विचारायचीस, आज बरं वाटतं का. मी हो म्हणालो की तुला केवढा आनंद व्हायचा. मग दुसऱ्या दिवशीही हो म्हणायचो." सर थांबले. बोलताना त्यांना दम लागायचा. "तू विचारलं असतंस ना, गुंड्या लावून दाखवा, तर मी सबब सांगितली असती. एवढं मला माझं माहीत आहे. तू एकटीच कशाला घेऊन बसतेस सगळं?"

बाहेर टेबलावर गजर झाला. बाई उठल्या, सरांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि त्यांना भिंतीकडच्या कुशीवर वळवलं. पाठीमागे तक्क्या लावला. वळवताना एकही हालचाल चुकली नाही. मी चपला घालून बाहेर पडलो.

नंतरचे तीन दिवस क्लिनिक बंद होतं. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. त्यानंतर ते कधी बंद पाहिलं नाही. पेशंट टेबलावर पडल्या पडल्या सरांशी बोलायचे. दहावीच्या मुलांना सर आतून गणितं घालायचे.

मावशींचं ऑपरेशन झालं. त्याआधी त्यांच्या कण्यात औषध सोडून एक्स-रे काढले, आणि बाई म्हणाल्या तेच त्यात दिसलं. महिनाभर त्या मुंबईला होत्या. घरी आल्या तेव्हा मुलगा पेढे घेऊन आला, पण बाईंनी त्याला आधीच बजावून ठेवलं होतं की ऑपरेशनने होतं ते नुकसान थांबतं, झालेलं सगळंच भरून येत नाही. तसंच झालं. मावशी काठी घेऊन चालू लागल्या. बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. डोक्यावरची पाटी कायमची सुटली. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. भाजी आता सून विकते, मी नुसती बसून दाम सांगते, असं त्या मला एकदा म्हणाल्या. पण आठवड्यातून एकदा कोपर गावातून काठी टेकत, वाटेत दोनदा थांबत, त्या बाईंकडे यायच्या. व्यायाम करायच्या आणि मग आत सरांच्या पलंगाशी बसायच्या. सर आणि त्या काय बोलायचे कुणास ठाऊक. बरंचसं गप्पच असायचे.

त्यानंतर गावातल्या बायका बाईंकडे येऊ लागल्या. बाईंनी पुढे खडवलीला, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांमध्येही जायला सुरुवात केली. तिथे बायका लांबून डोक्यावर पाणी आणतात. महिन्यातला एक गुरुवार. त्या दिवशी सरांची कूस बदलायला मी किंवा मावशींचा मुलगा, आमच्यापैकी कुणी तरी रजा काढून बसायचो. बाईंनी आम्हाला शिकवलं होतं. मी पहिल्यांदा आलो तेव्हा कुणी मला सांगितलं असतं की ही बाई सरांना दुसऱ्याच्या हातात देईल, तर माझा विश्वास बसला नसता.

सर गेले ते एका पावसाळ्याच्या शेवटी. छातीत कफ झाला आणि तो त्यांना खोकून काढता येईना. आठ दिवस बाई त्यांच्या उशाशी होत्या. शुद्ध शेवटपर्यंत होती.

ते गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी मी बाईंना भेटायला गेलो. बाई क्लिनिकमधल्याच एका स्टुलावर बसल्या होत्या. लोक येत होते, बसत होते. बाई प्रत्येकाशी नीट बोलत होत्या. एका पेशंटने जाता जाता खांदा अवघडल्याचं सांगितलं तर त्याला त्यांनी सोमवारी यायला सांगितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या बायकोने त्यांना दोन घास खायला लावायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

तेवढ्यात मावशी आल्या. एकट्याच आल्या होत्या. काठी दाराशी ठेवली, भिंतीला धरून आत आल्या आणि बाईंच्या मागे उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"मान खाली कर, बाय," त्या म्हणाल्या.

बाईंनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील. त्यांनी मान खाली घातली. मावशींनी केसांच्या खाली, खांद्यांच्या वर, हात टेकवले आणि हळूहळू चोळायला लागल्या. दिवसातून बारा वेळा एका पुरुषाला उचलून वळवणाऱ्या त्या मानेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, दोरखंडासारखे स्नायू आवळून आलेले होते. मला ते लांबूनही दिसत होते. इतकी वर्षं मी त्या मानेसमोर बसून दुसऱ्यांच्या मानांची चित्रं काढली होती.

"दुखते?" मावशींनी विचारलं.

"दुखते," बाई म्हणाल्या.

"कवापासून?"

बाईंचे खांदे आधी हलले, मग त्या रडू लागल्या. आवाज न करता, मान तशीच खाली ठेवून. मावशींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांची बोटं मिटत नव्हती, म्हणून तळहाताच्या कडेने त्या चोळत राहिल्या, वरून खाली, वरून खाली. आम्ही बाकीचे हळूच उठून बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.